वाटेवरील खुणा आणि रस्त्याचे नियम
(वाचनवर्गासाठी पाठ)



शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांत राहणाऱ्या मनुष्याचा रस्त्याशी प्रसंग पडला नाही असा दिवस क्वचितच जातो. उत्तरेस पुण्याहून शिरूरवरून अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, जाणारा हमरस्ता आहे. दक्षिणेस यवत, चौफुला, पाटस व कुरकुंभ ह्या गावांवरून सोलापुरास जाणारा हमरस्ता आहे. न्हावरे व पारगाव ह्या बाजूने भीमा ओलांडून ह्या दोहोंस जोडणारी वाटही आहे. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी अहमदनगर व पुणे ह्यांच्या दरम्यान धावली, ती शिरूरच्याच रस्त्याने. आज त्या रस्त्यांवर रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांचे ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या, एस. टी.च्या गाड्या आणि अगणित दुचाक्या एकाच वेळी चालतात. गावोगावी उपासनेस व शिकवणीस जाणारे आपले उपदेशक बंधूही बहुधा दुचाकीवरच असतात.

सन २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवालात नमूद आहे. त्यांपैकी शेकडा सुमारे ४४ १/२ दुचाकीवरची होती. यास्तव हा विषय केवळ गाडीवाल्यांचा आहे असे कोणी समजू नये. तो घरोघरचा आहे.

ह्या पाठात आपणास एकच गोष्ट शिकावयाची आहे: रस्त्यावर दुसऱ्याने केलेली खूण केव्हा मानावी व केव्हा मानू नये.

१. रस्त्यावरील दोन भाषा

रस्त्यावर दोन भाषा चालतात. एक कायद्याची, दुसरी चालीची.

कायद्याची भाषा लिहिलेली आहे. हिंदुस्थानात मोटारगाड्यांविषयी पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली झाला, आणि हल्ली चालू असलेला कायदा १९८८ सालचा आहे. त्या कायद्यान्वये १९८९ साली रस्त्याचे नियम ठरविण्यात आले व २०१७ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावी, उजवीकडे वळावयाचे असता उजवा दिवा लुकलुकवावा, डावीकडे वळावयाचे असता डावा, ह्या खुणा सर्व देशात एकच आहेत. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाचा हात हीदेखील अधिकृत खूण होय.

चालीची भाषा कोठे लिहिलेली नाही. ती गाडीवाल्यांनी आपसात बनविली आहे. पुढचा ट्रक उजवा दिवा लुकलुकवितो, त्याचा अर्थ 'पुढे रस्ता मोकळा आहे, जा'. ह्यास 'साईड देणे' म्हणतात. समोरून येणारा मोठे दिवे उघडझाप करितो, ह्यास 'डिपर मारणे' म्हणतात. क्लीनर खिडकीतून हात बाहेर काढून हलवितो. बिघडलेल्या गाडीच्या मागे कोणी धोंडे मांडितो, कोणी बाभळीची फांदी टाकितो. चौकात सरळ जाणारा मनुष्य चारही दिवे लुकलुकवितो. ट्रकाच्या पाठीवर हॉर्न वाजवा असे विनविणारे रंगीत शब्दही ह्याच भाषेतले. ते शब्द विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन देतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली व्यापारी गाड्यांवर ते रंगविण्यास मनाई केली.

ही दुसरी भाषा दुष्टपणाने निर्माण झाली असे मात्र म्हणू नये. बैलगाडीच्या काळी दोन गाडीवान समोरासमोर आले म्हणजे तोंडाने बोलत. मोटारीत बसलेल्या मनुष्याचा शब्द दुसऱ्यास ऐकू जात नाही, म्हणून त्याने हाताने व दिव्याने बोलण्यास आरंभ केला. ह्या खुणांपैकी पुष्कळांच्या मुळाशी शेजारधर्मच आहे.

कायद्यानेही एके काळी ह्या शेजारधर्मास जागा दिली होती. १९८९ सालच्या नियमांत चालकाने हाताने करावयाच्या पाच खुणा सांगितल्या होत्या: वेग कमी करणे, थांबणे, उजवीकडे वळणे, डावीकडे वळणे, आणि मागच्यास पुढे जाऊ देणे. ह्या पाचव्या खुणेसाठी चालकाने उजवा हात बाहेर आडवा काढून मागूनपुढे अर्धवर्तुळात हलवावयाचा असे. पुढच्याने अशी खूण केल्यावाचून मागच्याने त्यास ओलांडू नये, असाही नियम त्यांत होता. परंतु हे लक्षात घ्या की, 'मी उजवीकडे वळतो' व 'तू पुढे जा' ह्या दोन गोष्टींसाठी त्या नियमांत दोन वेगळ्या खुणा होत्या. पुढे चालकाचा हात काचेच्या आत गेला आणि दिव्याने बोलण्याची चाल पडली. तेव्हा गाडीवाल्यांनी दोन्ही अर्थ एकाच दिव्यावर लादले. संकट येथेच उत्पन्न झाले.

२. एक प्रसंग

असा प्रसंग मनात आणा. पौषातील सायंकाळ आहे, उसाचा हंगाम भर रंगात आहे. एक मनुष्य चौफुल्याचा बाजार करून दुचाकीवरून न्हावऱ्याकडे परत जात आहे. पाठीमागे बायको व तिच्या मांडीवर लेकरू आहे. पुढे एक ट्रक हळूहळू चालला आहे. त्याच्या मागे धूळ, धूर व अंधार. अंधार वाढण्याच्या आत घरी पोहोचावे अशी ह्याची इच्छा आहे. इतक्यात ट्रकाचा उजवा दिवा लुकलुकू लागतो.

काल ह्याच रस्त्यावर, ह्याच वेळी, अशाच दिव्याने दुसऱ्या ट्रकवाल्याने त्यास 'जा' म्हणून सांगितले होते व तो सुखरूप पुढे गेला होता. म्हणून आजही तो मूठ पिळितो व उजवीकडून पुढे होतो. पण आजच्या ट्रकवाल्यास उजवीकडे शेताच्या वाटेस वळून ऊस भरावयाचा आहे. तो वळतो.

ह्या दोघांत खोटे कोण बोलले? ट्रकवाला खोटे बोलला नाही, कायद्याने सांगितलेली खूण त्याने केली. दुचाकीवाला मूर्ख होता काय? तोही नव्हता, चालीने शिकविलेला अर्थ त्याने घेतला. दोघेही आपापल्या भाषेत खरे होते. परंतु एका खुणेचे दोन अर्थ झाले, आणि ज्या खुणेचे दोन अर्थ होतात ती खूण नसल्यापेक्षा वाईट. खूण नसती तर मागचा मनुष्य सावध राहिला असता.

हा घोळ एका दिव्यापुरता नाही. कोणी गाडीवाला उजवा दिवा लावून 'जा' म्हणतो, तर कोणी त्यासाठी डावा दिवा लावितो. मोठ्या दिव्यांची उघडझाप आपल्याकडे बहुतेक वेळा 'मी येत आहे, तू थांब' असे सांगते, पण एखादा सभ्य गाडीवाला त्याच उघडझापेने 'तू ये, मी थांबतो' असे म्हणतो. एकाने पहिला अर्थ मनात धरला व दुसऱ्याने दुसरा, तर दोघेही एकाच वेळी पुलावर शिरतात. विलायतेतही हाच घोळ आहे. तेथील रस्त्याच्या नियमपुस्तकात स्पष्ट सांगितले आहे की, दिव्यांची उघडझाप केवळ 'मी येथे आहे' एवढे कळविण्यासाठी करावी, आणि दुसऱ्याने ती केली तर तीस पुढे येण्याचे आमंत्रण समजू नये. चारही दिवे लुकलुकविणे हे थांबलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीसाठी आहे. सरळ जाणाऱ्याने ते लाविले, तर बाजूने पाहणाऱ्यास त्यांपैकी एकच दिवा दिसतो व गाडी आपल्याकडे वळते आहे असे त्यास वाटते.

३. दौंडच्या रुळांपासून धडा

आता दृष्टी रस्त्यावरून रुळांकडे वळवू. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. येथून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ साली सुरू झाला. रेल्वेत काम करणारी कुटुंबे ह्या गावात पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत, आणि आपण जो प्रश्न विचारीत आहो त्याचे उत्तर त्यांस ठाऊक आहे.

एकेरी रुळांवर दोन्ही दिशांच्या गाड्या चालवावयाच्या, तर समोरून कोणी येत नाही हे गाडी हाकणाऱ्यास कसे कळावे? स्टेशनातल्या मनुष्याने हात हलवून 'जा' म्हटले तर पुरे काय? रेल्वेने ते पुरे मानले नाही. पुष्कळ वर्षे अशा मार्गांवर ही रीत होती की, शेजारच्या दोन स्टेशनांत एकमेकांशी तारेने जोडलेली यंत्रे असत व त्यांतून धातूचा एक गोळा निघे. एक गोळा बाहेर असेतोवर दुसरा गोळा कोणत्याही टोकाच्या यंत्रातून निघू शकत नसे. तो गोळा हाती आला म्हणजेच गाडी त्या तुकड्यावर शिरे. गाडी हाकणारा कोणाच्या मैत्रीवर किंवा अंदाजावर विसंबत नसे.

रेल्वेचा दुसरा नियम ह्याहून मोलाचा आहे. ज्या जागी सिग्नल असावयास पाहिजे तेथे तो नसेल, त्याचा दिवा विझला असेल, किंवा तो अर्धवट दिसत असेल, तर त्याचा जो सर्वांत कडक अर्थ, तोच घ्यावयाचा. म्हणजे शंका आली तर 'थांब' असेच समजावयाचे. 'बहुतकरून मोकळे असेल' असे म्हणून पुढे जाण्याची मोकळीक त्यास नाही.

एस. टी.ची घंटाही पाहा. कंडक्टरने एकदा घंटा दिली म्हणजे थांबावयाचे, दोनदा दिली म्हणजे निघावयाचे. ही खूण चालते, कारण ती देणारा व घेणारा एकाच गाडीत आहेत, दोघांनी ती शिकली आहे व तीस दुसरा अर्थ नाही. रस्त्यावर आपणापुढे चाललेला ट्रकवाला कोणत्या गावचा, कोणती चाल शिकलेला, हे आपणास ठाऊक नसते.

४. पुढच्यास काय दिसत नाही

कोणी म्हणेल, 'ट्रकवाला उंच बसतो, त्यास पुढचे दिसते. त्याने जा म्हटले तर जाण्यात काय चूक?' ह्याचा हिशेब करून पाहू.

ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने चालला आहे व दुचाकी ताशी ६० ने. म्हणजे दुचाकी त्यास ताशी २० किलोमीटरने, अर्थात एका सेकंदास सुमारे साडेपाच मीटरने, मागे टाकिते. ट्रकाची लांबी, मागे सोडलेले अंतर व पुढे आत येण्यास लागणारे अंतर मिळून सुमारे ४५ मीटर धरिले, तर ओलांडण्यास आठ सेकंद लागतात. तितक्या वेळात दुचाकी १३३ मीटर जाते. समोरून ताशी ६० ने येणारी गाडीही तितकीच जवळ येते. म्हणजे निदान पावणेतीनशे मीटर रस्ता मोकळा पाहिजे, आणि हा हिशेब काहीही न चुकता पार पडला तरचा आहे. समोरची गाडी याहून वेगाने येत असेल तर तितकेही पुरत नाही.

आता ट्रकवाल्यास काय माहीत आहे? पुढचा रस्ता त्यास दिसतो हे खरे. पण मागच्या दुचाकीचे इंजिन किती जोराचे, तीवर किती माणसे बसली आहेत, चालविणारा अठरा वर्षांचा की साठ वर्षांचा, तो खूण पाहून तत्काळ निघेल की चार सेकंद विचार करील, ह्यांतले त्यास काहीच माहीत नाही. त्याची खूण क्षणाची असते व आपले ओलांडणे आठ सेकंदांचे असते. त्याने सद्भावाने सांगितले असेल, तरी जे त्यास ठाऊकच नाही त्याची हमी तो देऊ शकत नाही. अपघात झाल्यावर तो आपल्या वाटेने पुढे गेलेला असतो.

कायद्यापुढेही 'त्याने खूण केली म्हणून मी गेलो' हे उत्तर पुरत नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीने कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या गाडीस ओलांडणे हे धोकादायक हाकण्याच्या अपराधात स्पष्टपणे घातले आहे. ज्याच्या हाती मूठ आहे, त्याच्यावरच जबाबदारी.

५. तीन प्रकारच्या खुणा

तर मग चालीच्या सर्व खुणा टाकून द्याव्या काय? नाही. त्यांचे तीन प्रकार करून प्रत्येकीस हा प्रश्न विचारावा: ही खूण खोटी ठरली तर माझे काय जाईल?

पहिला प्रकार सावध करणाऱ्या खुणांचा. 'हळू', 'थांबा', 'पुढे गाडी उलटली आहे', 'रस्त्यावर गुरे आहेत' असे सांगणारी खूण कोणीही केली, मेंढपाळाच्या पोराने केली, तरी मानावी. ती खोटी ठरली तर दोन मिनिटे जातील. खरी ठरली तर जीव वाचेल.

दुसरा प्रकार परवानगी देणाऱ्या खुणांचा. 'या', 'जा', 'मोकळे आहे'. ती खोटी ठरली तर जीव जाईल. म्हणून अशी खूण कोणीही केली तरी ती केवळ बातमी समजावी. जोवर आपल्या डोळ्यांनी सबंध रस्ता मोकळा दिसत नाही, तोवर मागेच राहावे. वळणावर, चढावर, पुलावर व फाट्याजवळ तर कोणाच्याही सांगण्यावरून ओलांडू नये.

तिसरा प्रकार लपविणाऱ्या खुणांचा. समोर पोलीस उभे आहेत हे येणाऱ्यांस दिव्याने कळविणे, ह्यास पुष्कळ लोक उपकार समजतात. परंतु आपण कोणास सावध केले हे आपणास ठाऊक नसते. तो दारू प्यालेला असेल, किंवा परवान्यावाचून लहान पोर गाडी चालवीत असेल. आपण त्यास आडवाटेस लाविले व तो पुढच्या गावात कोणाच्या लेकरावर गेला, तर त्यात आपला हात लागला नाही असे कसे म्हणावे? ही खूण करू नये.

अर्थात नियम व शेजारधर्म ह्यांत खरे वैर नाही. ज्या खुणेने दुसरा मनुष्य सावध होतो ती नियमाची सोबतीण आहे. ज्या खुणेने तो आपले डोळे मिटून आपल्यावर विसंबतो, ती नियमाची वैरीण आहे, मग ती कितीही गोड मनाने केलेली असो.

६. आपली कर्तव्ये

पुढे चालणाऱ्याने: आपण ट्रॅक्टर वा ट्रक चालवीत असाल, तर उजवा दिवा केवळ उजवीकडे वळण्यासाठीच लावा. मागच्यास पुढे जाऊ द्यावयाचे असेल, तर डावीकडे सरा, वेग वाढवू नका, आणि निर्णय त्याच्यावर सोडा. शेतवाटेस वळण्यापूर्वी पुष्कळ अगोदर दिवा लावा, वेग कमी करा, आरशात व खांद्यावरून मागे पाहा. ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या व चालू लाल दिवा असल्यावाचून अंधारात रस्त्यावर येऊ नका. बैलगाडीच्या मागेही अशा पट्ट्या बांधाव्या.

मागे चालणाऱ्याने: पुढच्याचा उजवा दिवा लुकलुकला म्हणजे तो उजवीकडे वळत आहे असेच समजा. तो वळला नाही तरी आपले काही गेले नाही.

बिघाड झालेल्याने: गाडी शक्य तितकी रस्त्याच्या कडेस घ्या, चारही दिवे लावा, मागे चमकणारा त्रिकोण पुरेशा अंतरावर ठेवा. प्रसंगी फांदी ठेवावी लागली, तरी निघताना ती उचला. धोंडे तर मांडूच नका. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, धोंडे तेथेच राहतात, आणि रात्री मागून येणाऱ्यास त्यांचा अर्थ सांगण्यास कोणी नसते.

घरच्या मंडळींनी: 'लवकर या' असे म्हणण्याऐवजी 'सावकाश या' असे म्हणावे. रस्त्यावरची घाई पुष्कळदा घरातूनच निघते.

उपदेशक व शिक्षक बंधूंनी हा पाठ वर्गात वाचून दाखवावा व पाटीवर रस्ता काढून वरील प्रसंग समजावून द्यावा. वर्गात जे ट्रॅक्टर किंवा ट्रक चालवितात त्यांसच प्रथम बोलू द्यावे, कारण कोणत्या खुणेचा कोठे काय अर्थ घेतात हे त्यांस अधिक ठाऊक असते. एका वर्गात एकाच दिव्याचे दोन अर्थ निघाले, म्हणजे पाठाचे अर्धे काम झाले.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पुढच्या ट्रकाचा उजवा दिवा लुकलुकू लागला. त्याचे कोणते दोन अर्थ होऊ शकतात? आपण कोणता घ्यावा व का?
२. १९८९ सालच्या नियमांत हाताच्या कोणत्या पाच खुणा होत्या?
३. सिग्नलाचा दिवा विझलेला असेल तर रेल्वेची गाडी हाकणारा काय करितो? त्यापासून आपण काय शिकावे?
४. 'थांबा' ही खूण कोणाचीही मानावी, पण 'जा' ही खूण कोणाचीही मानू नये, असे का?
५. ताशी ४० ने जाणाऱ्या ट्रकास ताशी ६० ने ओलांडण्यास किती रस्ता मोकळा पाहिजे? तितके अंतर आपल्या गावाच्या फाट्यापासून कोठवर येते? पावलांनी मोजून पाहा.
६. ह्या आठवड्यात आपण स्वतः कोणास 'जा' म्हणून खूण केली काय? त्या वेळी आपणास सर्व काही दिसत होते काय?